त्याचं म्हणणं तुम्ही सांगा

अंबडच्या तहसील आवारात लोक दोनच माणसांना टरकून असायचे. एक तहसीलदार, आणि दुसरे आमचे काका. त्यातले तहसीलदार दोन-तीन वर्षांनी बदलून तरी जायचे.

काका अर्जनवीस होते. कडुलिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज, करारनामे, वाटणीपत्रं लिहून द्यायचं काम. सगळं आवार त्यांना मागून 'म्हंजेकाका' म्हणायचं, कारण समोरच्यानं काहीही म्हटलं की त्यांचा पहिला शब्द, "म्हंजे?" मी तोंडावर नुसतं काका म्हणायची. जालना जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता, कागद वाढले होते, आणि मी वडीगोद्रीहून रोज एस.टी.नं येऊन त्यांच्या शेजारी टायपिंगचं मशीन मांडून बसायला लागले होते. त्यांनी लिहायचं, मी टाईप करायचं. ऐकायला सोपं वाटतं. बारा वर्षं काढली मी तिथं. माझा स्वभाव मुळातच तापट आणि शेजार हा असा. माझं डोकं ठिकाणावर राहिलं हेच नवल.

पहिल्याच दिवशी मी चहावाल्याला म्हणाले, "दोन अर्धे आण." काकांनी मान वर केली.

"अर्धा म्हंजे? मोठ्या कपातला अर्धा, का बारक्या कपातला भरून?"

"काका, रोज देतो तोच आणतो की," चहावाला म्हणाला.

"रोज देतो तो कोणता, हे या बाईंना कुठं ठावूक हाये? त्या आज आल्या."

चहा येईपर्यंत माझी चहाची इच्छाच गेली. या माणसाचं डोकं तपासून घ्यायला पाहिजे, असं मी घरी जाऊन सांगितलं.

एका जागी बसणं तर त्यांना जमायचंच नाही. दोन ओळी लिहिल्या की उठायचे, झाडाला एक चक्कर मारायचे, परत येऊन त्याच दोन ओळी वाचायचे आणि त्यातला एक शब्द खोडायचे. पेनाचं टोपण काढ, घाल, काढ, घाल. त्या टकटकीनं माझा हात चुकायचा. त्यांच्याकडे काम घेऊन आलेला माणूसही उभ्यानंच बोलायचा, कारण तो बसला की काका झाडामागं. शेजारी एवढी वळवळ चालली की आपल्याही पायाला मुंग्या येतात. संध्याकाळी गाडीत बसले तरी माझा पाय हलतच राहायचा.

'परवा' हा शब्द त्यांच्या टेबलावर चालायचा नाही. एकदा मी म्हणाले, "काका, परवा मी येणार नाही."

"गेल्या परवा का येत्या परवा?"

"अहो, गेल्या परवाची रजा आज कोण मागतं?"

"सरकारी हापिसात मागतात," ते म्हणाले, आणि हसलेसुद्धा नाहीत. मीच बावळटासारखी हसत बसले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "शब्द म्हंजे एस.टी. हाये, बाई. पाटी एका गावाची अन् गाडी दुसऱ्या गावाला. चढणारानं इचारून चढावं." अर्जात 'लवकर' लिहू द्यायचे नाहीत, 'योग्य ती' लिहू द्यायचे नाहीत, 'सांभाळीन' तर बिलकुल नाही. म्हातारीला सांभाळीन म्हंजे काय करशील? दोन टायमाला जेवाया घालशील, का नुसती घरात ठिवशील? ते सांग. लोक चिडायचे, पलीकडच्या अर्जनविसाकडे जातो म्हणायचे, आणि खरंच जायचे. पण भांडण मोठं असलं की गुपचूप यांच्याकडेच यायचे.

त्याला कारण होतं. त्यांच्या कामाची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. दोन पार्ट्या समोर आल्या की ते कुणालाच स्वतःचं म्हणणं मांडू द्यायचे नाहीत. "तुमचं तुम्हाला पाठच हाये. त्याचं म्हणणं तुम्ही सांगा. मंग तुमचं तो सांगंल." आणि समोरचा 'बराबर' म्हणेपर्यंत सांगायचं. तोपर्यंत स्टँपपेपरला पेन लागायचं नाही, मग दिवस मावळला तरी चालेल.

एकदा दोन सख्खे भाऊ आले. विहीर सामाईक, जुन्या कागदात लिहिलेलं, आठ दिवस थोरल्याचं पाणी, आठ दिवस धाकट्याचं. थोरला आपला बाजार ते बाजार आठ दिवस धरायचा, म्हणजे खरे सातच. धाकटा बोटांवर मोजून आठ. दर पाळीला एक दिवस सरकायचा, आणि त्या दिवशी दोघंही विहिरीवर हजर, हातात काठ्या घेऊन.

"मग सात लिहा की काका, मिटलं!" मी म्हणाले. मला गाडी गाठायची होती.

"सात लिवलं तर दिवसाचं भांडण मिटंल, बाई. ह्यांचं न्हाई मिटणार." आणि थोरल्याकडे वळून, "चला, त्याचं म्हणणं तुम्ही सांगा."

थोरल्यानं आधी धाकट्याच्या नावानं शिव्यांचीच माळ लावली. "ह्या तुमच्या झाल्या. त्याचं सांगा," काका म्हणाले. असं चार वेळा झालं. मधे काका झाडाला चकरा मारून आले. पाचव्या वेळी थोरला खाली मान घालून म्हणाला, "त्याचं म्हणणं असं, की बाप गेल्यापासून मी त्याला काही इचारतच न्हाई. सगळं ठरवून मंग सांगतो."

"बराबर," धाकटा म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना. तेवढा दांडगा गडी, तोंड फिरवून उभा राहिला. कागद सात दिवसांचाच झाला, पण जाताना दोघं एकाच सायकलवर गेले. माझी गाडी मात्र चुकली.

आता त्यांच्या मुलाचं सांगते. सगळं येऊन अडतं ते तिथंच.

काकांना एकच मुलगा. बायको लवकर वारली, पोराला यांनीच वाढवलं, याच टेबलाशी. अक्षर बापाहून देखणं. मी येण्याच्या आधी माझ्या जागेवर तोच नकला करत बसायचा. एकदा एका बाईच्या फारकतीचं काम आलं. काकांनी रीतीप्रमाणे नवऱ्याकडून तिचं म्हणणं वदवून घेतलं, आणि त्या नवऱ्याला चारचौघांत कबूल करावं लागलं की सोडायचंय ते माझ्या मनानं, तिची चूक काही नाही. काकांनी तसंच कागदात घातलं, 'सदर बाईचा यात काहीएक कसूर नाही.' नक्कल मुलानं केली. वर्षभरानं मुलगा म्हणाला, मला तिच्याशीच लग्न करायचंय.

काका म्हणाले, "जा."

आणि तो गेला. जालन्यात मस्तगडला एका भांड्याच्या दुकानात भांड्यांवर नावं कोरायला लागला. लग्नाची भांडी घेणारे लोक त्याच्या अक्षरासाठी लांबून यायचे म्हणे. अंबडहून जालना एस.टी.नं तासाभराचं. पण हे गेले नाहीत आणि तो आला नाही.

ही हकिकत काका मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे, उभ्यानं, टोपणाशी खेळत. शेवट ठरलेला. "तुम्हीच सांगा, बाई. आपल्यात घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? 'येतो' म्हणतात. मंग बापानं 'जा' म्हणलं तरी त्यात 'जाऊन ये' आलंच न? मी म्हणलो एक, त्यानं घेतलं दुसरं. एका शब्दानं माझं घर खाल्लं."

मला ते शंभर टक्के पटायचं. कधी न पाहिलेल्या त्या मुलाला मी मनातल्या मनात फार बोलायची. एवढं सुंदर अक्षर, आणि बापाचा एक शब्द कळू नये? आणि काकांच्या 'म्हंजे'ला कुणी हसलं की मीच त्याच्यावर खेकसायची, की बाबा, ज्याचं जळतं त्याला कळतं.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका बुधवारी दुपारी एक बाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. काकांकडे पाठ, पण आवाज त्यांना जाईल असा.

"ताई, मी त्यांची सून."

माझा हात मशीनवरच राहिला. काका उठून झाडामागं गेले.

"आम्ही नाशिकला चाललो. घर उचलून, कायमचं. तिकडं दुकान मिळालंय ह्यांना. उद्या चारला टेम्पो निघतो. मी आल्ते हे ह्यांना ठावूक न्हाई, रागं भरतील. पण लेक दहाची झाली, तिनं आजोबा बघितला न्हाई. मस्तगड जवळ होतं, तर अकरा वर्षं लागली. आता नाशिकहून कोण येतंय अन् कोण जातंय?" एवढं बोलून तिनं पदर सारखा केला आणि बसस्टँडकडे निघून गेली. झाडाकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

काका परत आले. "काय म्हणली ती?"

"ऐकलं की तुम्ही."

"ऐकलं. पण चारला निघतो म्हणली, का चारपस्तोर निघतो म्हणली?"

मी मशीनमध्ये दुसरा कागद चढवला. नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं देव जाणे.

ते लिहायला बसले. सगळी कामं परत पाठवली. मुलाला पत्र लिहायचं होतं, उद्या सकाळच्या गाडीनं कुणाच्या तरी हाती द्यायचं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा टेबलाखाली फाडलेल्या कागदांचा ढीग होता, आणि टेबलावर कोरा कागद.

गुरुवारी मी आले तर ते माझ्या आधी हजर. दाढी तशीच, डोळे लाल. समोर पाहते तर स्टँपपेपर.

"काका, पोराला पत्र स्टँपपेपरवर?"

"साध्या कागदावर शब्द हलतात," ते म्हणाले. "हे बघा, बाई. 'ये' लिवलं तर हुकूम वाटतो. 'यावे' लिवलं तर परक्याला लिवल्यासारखं. 'माझं चुकलं' लिवावं, तर चुकलं म्हंजे? रस्ताबी चुकतो, गाडीबी चुकते. 'झालं गेलं इसर' लिवलं तर त्याला वाटंल, मीच इसरलो." उठले, चक्कर मारून आले, बसले, पुन्हा उठले. "एक शब्द सापडंना. एक असा शब्द, की त्याला दुसरा अर्थच न्हाई."

साडेअकरा झाले. सकाळची गाडी कधीच गेली होती. बारा झाले. त्यांचं टोपण काढ-घाल चालूच. मला वाटलं, आता चारही वाजतील, टेम्पो निघून जाईल, आणि हा माणूस उरलेला जन्म मला सांगत बसेल की एका शब्दानं घर खाल्लं. माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि त्यांच्या हातातलं पेन हिसकावून घेतलं.

"बस झालं, काका! तुमचं तुम्हाला पाठच आहे. मलाही पाठ आहे, अकरा वर्षं ऐकतेय. त्याचं म्हणणं तुम्ही सांगा."

"त्याचं?"

"हो, त्याचं. पोराचं. आख्ख्या तालुक्याला सांगायला लावता ना? मग सांगा."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. काका उभेच राहिले. मग माझ्या टेबलापुढच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, जिथं मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, तिथं बसले. पाय हलत नव्हते, हातही नाही.

"त्याचं म्हणणं असं," ते म्हणाले, "की बाबा, तिचा कसूर न्हाई हे तुमच्याच अक्षरात हाये. मी त्याची नक्कल केली. कागदावर तुम्ही तिला बेकसूर लिवलं, अन् घरात घ्यायची पाळी आली तर तीच कसूरवार. मंग तुमचा कागद खरा, का तुम्ही खरे?" ते थांबले. मला वाटलं, संपलं. "अन् त्याचं म्हणणं असं, की बाबा, तुम्ही मला हाकललं."

मी पेन टेबलावर ठेवलं.

"त्याला बराबर समजलं, बाई. मी 'जा' म्हणल्तो ते जाच म्हणल्तो. दुसरा अर्थ मी मागून काढला."

मला इतका राग आला, काय सांगू! अकरा वर्षं मी त्या पोराला दूषणं दिली होती, ती कुणाच्या भरवशावर? आणि त्याच वेळी त्या स्टुलावरच्या माणसाची दयाही आली. दोन्ही एकदम. मी मशीनवर कापड टाकलं.

"उठा. एकची गाडी आहे."

"पत्र—"

"पत्र गेलं खड्ड्यात. तोंड आहे ना? जल्दी उठा."

गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली, पण ते उभेच राहिले. कंडक्टर दोनदा म्हणाला, "आजोबा, पुढं सरका," आणि दोन्ही वेळा ते मुकाट्यानं सरकले. किती पुढं, हे विचारलंच नाही. मला काळजीच वाटायला लागली.

मस्तगडच्या गल्लीत टेम्पो उभा होता, अर्ध्याच्या वर भरलेला. मुलगा मागच्या फळकुटाला दोरी आवळत होता. पस्तिशीचा गडी, काकांसारखंच कपाळ. सून दारात. तिनं आम्हाला पाहिलं आणि तिचा हात तोंडाकडे गेला. मुलानं वर पाहिलं, गाठ मारून पुरी केली आणि मगच म्हणाला, "काय काम काढलं?"

टेम्पोवाला काकांना म्हणाला, "बाजूला सरा जरा." काकांनी तोंड उघडलं, "कोणत्या—" आणि मिटलं. बाजूला सरले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "तुझं म्हणणं मी सांगतो. चुकलं तर सांग."

आणि त्यांनी सांगितलं. भर गल्लीत, शेजारीपाजारी बघत असताना. आवारात मला सांगितलं तेच, एकही शब्द न बदलता, शेवटच्या 'हाकललं'पर्यंत. मुलगा दोरीचं टोक हातात धरून ऐकत राहिला. टेम्पोवाल्यानंसुद्धा हॉर्न वाजवला नाही.

"बराबर," मुलगा म्हणाला.

काका परत जायला वळले. खरंच वळले! त्यांना वाटलं असावं, एवढंच काम होतं. मी त्यांचा हात धरणार, तोच मुलगा म्हणाला, "थांबा. आता तुमचं मी सांगायचं. रीत हाये न?"

तो टेबलाशीच वाढलेला. रीत त्याला ठाऊक होतीच.

"तुम्हाला ती कधीच वाईट वाटली न्हाई, बाबा. तुम्हाला लोकांचं भ्याव वाटलं. आवारात म्हणले असते, बापानं पोरासाठी फारकत लिवली, कागदच खोटा. तुमच्या कागदावर बोट आलं असतं. म्हणून तुम्ही कागद ठिवला अन् मला सोडलं."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "बराबर."

मुलानं दोरी सोडली. टेम्पोतली एक पेटी ओढून खाली घेतली, दारात ठेवली, हातानं तिच्यावरची धूळ झटकली. "बसा," म्हणाला. घरात बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. सुनेनं 'आजोबांना पाणी आण' म्हणून आत हाक मारली, आणि एक मुलगी तांब्या घेऊन आली. काका पाणी प्यायले, तांब्या तिच्या हातात परत देऊन तिच्याकडे बघत राहिले. तिनं विचारलं, "तुम्ही आजोबा म्हंजे, बाबांचे बाबा का आईचे?" अहो, मी तोंडाला पदर लावला. सून हसत होती आणि रडत होती. काका म्हणाले, "बराबर इचारलं. बाबांचा."

चारला निघायचा टेम्पो साडेचारला निघाला. सून आणि मुलगी पुढं बसल्या, मुलगा मागं सामानावर चढला. टेम्पो हलला तसा तो वाकून म्हणाला, "येतो, बाबा."

काकांचा हात वर गेला. "ये," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. बसले म्हणजे अगदी नीट, टेकून. मीच बेचैन होते, त्यांच्या वाटची वळवळ जणू माझ्या अंगात शिरली होती. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "बाई, येतो म्हणला न तो? तुम्ही ऐकलं न?"

"ऐकलं."

आणखी एक गाव गेलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, घातलं.

"येतो म्हंजे—"

"काका," मी म्हणाले, "येतो म्हंजे येतो."

त्यांनी पेन खिशात ठेवलं.